वळणावरून खाली आणलेला दगड

मित्रांनो, मी एक खोटारडा दगड आहे. जुनाही आहे, पण जुने दगड पुष्कळ असतात आणि त्यांचे बोलणे कोणी फारसे मनावर घेत नाही. माझे मात्र सगळ्यांनी मनावर घेतले आणि तिथेच घात झाला. मी खोटे बोलण्यासाठी जन्मलो नव्हतो. मला खोटे बोलायला लावले, आणि तेही मोठ्या आदराने, पुजाऱ्याला बोलावून, अंगावर मीठ शिंपडून आणि पायावर तांदळाची दारू ओतून. ज्यांनी लावले ते परके असते तर एवढे दुखले नसते.

एकशे साठ वर्षांपूर्वी आमच्या आळीचे नाव फुकानुमा होते. फुकानुमा म्हणजे खोल दलदल. मिकागावा नदी पूर्वी इथे मोठा वळसा घेऊन वाहत असे. मग कधीतरी तिने वाट बदलली आणि जुन्या पात्रात चिखल, लव्हाळे आणि कमळे उरली. तळाला ही दलदल, तिच्या कडेने भाताची खाचरे, मग चढण, चढणीच्या मध्यावर रस्त्याचे वळण, आणि वळणाच्या वर वस्ती. सगळ्यात वर देऊळ. ज्यांनी आळीला हे नाव दिले त्यांना आपण कुठे राहतो ते नीट ठाऊक होते.

वर जागा पुरेना, तशी काही कुटुंबे खाली खाचरांपाशी राहायला गेली. शिनपाचि नावाचा पाथरवट त्यांतलाच एक. पूर आला त्या दिवशी तो डोंगरातल्या खाणीवर कामाला होता. घरी बायको आणि दोन मुली होत्या. तो परत आला तेव्हा घर नव्हते, आणि घरातली माणसेही नव्हती.

त्यानंतर तीन दिवस शिनपाचि हातात दोरी घेऊन चढणीवर फिरत होता. बांबूंवर, भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची रेघ कुठे संपते ते तो बोट लावून पाहत होता. वळणापाशी ती रेघ संपली. तिथे त्याने खुंटी ठोकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू लागला, "पाणी इथवर आलं होतं. बोटभर इकडे नाही की बोटभर तिकडे नाही." मग तो खाणीत गेला आणि त्याने मला निवडले. पुरुषभर उंचीचा, करड्या रंगाचा, अंगात एकही भेग नसलेला. चाळीस दिवस तो माझ्या छातीवर छिन्नी चालवत होता. त्याने तीन ओळी कोरल्या.

पाणी माझ्या पायापर्यंत आले. माझ्या खाली घर बांधू नका. दरवर्षी ही अक्षरे शाईने भरा.

गावच्या मुखियाने ते वाचून त्याला चिडवले. "शिनपाचि, तिसरी ओळ कशाला रे? पुढच्या महिन्यात पुसून जाईल इतकं कच्चं कोरलंयस का?"

"कोरलंय पक्कं, मालक," शिनपाचि म्हणाला. "पण शाई भरायची म्हणजे वाचावं लागतं. नुसता दगड उभा असला तर लोक त्यावर छत्री टेकवून पुढे जातील."

त्याने खुंटी उपटली आणि तिच्या भोकावर मला उभे केले. माझा पाय आणि पुराची रेघ एका पातळीवर आली. मित्रांनो, माझे सारे खरेपण त्या एका जागेत होते. अक्षरे कितीही सुंदर असोत, "इथे" म्हणजे कुठे हे फक्त माझा पाय सांगत होता.

त्यानंतरची ऐंशी वर्षे मी सुखात काढली. दरवर्षी ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, आळीतली माणसे काथ्याचे ब्रश घेऊन येत. माझ्या अंगावरचे शेवाळ घासून काढत. मग ज्याचे अक्षर चांगले असे मूल कुंचला घेऊन माझ्या अक्षरांत काळी शाई भरे आणि बाकीचे मोठ्याने वाचत. टोफूच्या दुकानातली म्हातारी पोरांना दम भरत असे, "पाऊस थांबेना असं दिसलं की पळायचं. चप्पल राहिली तरी परत फिरायचं नाही. दगड मागे पडला की मग काय ते रडा!"

खाली कमळाच्या चिखलात कंद काढणारी माणसे दुपारी मला पाठ टेकून डबा खात. कोणी माझ्या पायाशी संत्रे ठेवून जाई. एका दारुड्याने तर वर्षभर रोज संध्याकाळी माझ्याशी भांडण काढले. त्या काळात दोनदा मोठा पूर आला. खाचरे बुडाली, कमळे वाहून गेली, पण माणूस एकही गेला नाही, कारण माझ्या खाली राहतच कोणी नव्हते. मला कोणी शाबासकी दिली नाही. घडलेच नाही त्याची शाबासकी कोण देणार? पण मी मनातून खूश होतो.

मग एका वर्षी कुरामोचींचा एइसाकु शाई भरायला आला. नऊ वर्षांचा. जीभ बाहेर काढून, श्वास धरून तो प्रत्येक रेघ भरत असे. शाईचा एक थेंब कधी बाहेर सांडला नाही. सलग पाच वर्षे त्यालाच निवडले गेले. शेवटची ओळ झाली की तो माझ्या पायाजवळची माती हाताने साफ करी आणि म्हणे, "झालं. आता एक वर्ष काळजी नाही." तो मला फार आवडत असे. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे नाव घेताना माझा आवाज चढणार आहे.

युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात विमाने आली आणि वळणाच्या वरची आळी जळून गेली. माणसांकडे ना लाकूड ना पत्रे. जळक्या जागेवर सावलीसुद्धा उरली नव्हती. खाली ओसाड पडलेल्या कमळाच्या शेतांपाशी पाणी होते, भाजी लावायला माती होती. एकेक कुटुंब खाली उतरू लागले. एइसाकुची आई डोक्यावर पातेले घेऊन माझ्यासमोरून गेली, तेव्हा थांबून वाकली. "माफ करा हं. दोनच वर्षं. मग येतो आम्ही वर परत."

मी मनातल्या मनात जा म्हटले. उपाशी माणसांना मी काय अडवणार? पण दोनाची पाच झाली आणि पाचाची वीस. झोपड्यांची घरे झाली, घरांना कुंपणे आली. मग नदीला काँक्रीटचा उंच बांध घातला गेला आणि लोक म्हणू लागले, आता नदी त्या बाजूला आणि आपण या बाजूला. दलदलीत भराव टाकून तीनशे नवी घरे उभी राहिली, आणि चढणीच्या पायथ्याशी, नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर पूल झाला. टपालाचे पत्ते सुटसुटीत करण्याच्या निमित्ताने आळीचे नावही बदलले. फुकानुमा गेले आणि होशिमिदाई आले. होशिमिदाई म्हणजे तारे बघायची टेकडी. शहरातल्या सगळ्यात खोल खड्ड्याला टेकडी म्हणायला सुरुवात झाली आणि कोणालाही हसू आले नाही.

तरीही मी वळणावर होतो. नव्या घरांत राहायला येणारी माणसे स्टेशनावरून चालत येत, मला वाचत, मग खाली पसरलेली छपरे बघत. काहींचे पाय तिथेच अडखळत. मी माझे काम करत होतो.

तेव्हा आळीच्या समितीचा अध्यक्ष होता कुरामोची एइसाकु. तोच. वय अडतीस. राहायला अर्थात खालीच. रस्ता रुंद करायचे निघाले आणि मी आडवा येतो असे ठरले. खरे तर मला चार पावले मागे, भिंतीला लावून उभे करता आले असते. पण एइसाकुने वेगळे सुचवले. खाली मधोमध नवी बाग होते आहे, तिथे दगडाला मानाने बसवू. म्हाताऱ्यांना शाई भरायला चढण चढावी लागणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एकट्या हारुएने हरकत घेतली. ती वर्षभरापूर्वीच टोफूवाल्यांच्या घरी सून म्हणून आली होती आणि नव्या सुनेने चारचौघांत तोंड उघडणे आमच्याकडे कोणाला फारसे रुचत नाही. म्हणून ती सभेत गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, टोफूची बादली हातात घेऊन, माझ्यासमोरच तिने एइसाकुला गाठले.

"कुरामोचीसान, एक विचारू? हा दगड म्हणतो, पाणी माझ्या पायापर्यंत आलं. तुम्ही त्याचा पायच खाली नेलात तर तो काय म्हणेल?"

"सूनबाई, आपण दगड हलवतोय. अक्षरं तीच राहणार आहेत."

"अहो, तेच तर म्हणतेय मी!"

एइसाकुने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "गेल्या आठवड्यात एक नवी बाई आली. कडेवर बाळ. दगड वाचला आणि इथेच फतकल मारून रडायला लागली. नवरा समजूत घालतोय, ही उठेना. तीनशे घरं आहेत हो खाली. बांधून झालीयेत, माणसं राहतायत. ती आता उचलून वर आणू का मी? राहायचंच आहे तर झोप तरी नीट लागू दे त्यांना."

"आणि पाणी आलं तर?"

"बांध आहे ना," एइसाकु म्हणाला. हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मित्रांनो, त्याला माहीत होते. माझी अक्षरे न समजता मला हलवणारे शंभर जण मी सहन केले असते. हा तर माझ्या पायाजवळची माती हाताने साफ करणारा होता. चांगल्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतला पुजारी आला. मला नव्या गवताच्या चटईत गुंडाळले, मंत्र म्हटले, माझी क्षमा मागितली आणि ट्रकवर चढवून खाली आणले. बागेत, सभागृहासमोर, तीन दगडी पायऱ्यांच्या चौथऱ्यावर मला बसवले. आळीतली सर्वांत खोलगट जागा ती. माझे तोंड चढणीकडे केले. त्यामुळे गेली पन्नास वर्षे मला माझी खरी जागा रोज समोर दिसते.

आता हिशेब साधा झाला. पाणी दगडाच्या पायाशी थांबते, आणि सगळ्यांची घरे दगडापेक्षा उंचावर. लोक मला पाहून घाबरायचे सोडून हसू लागले.

शाईचा दिवस मात्र चुकला नाही. उलट तो मोठा झाला. कर्णे लागले, किसलेल्या बर्फावर सरबत ओतून वाटू लागले, मुलींनी रंगीत सुती किमोनो घातले. एइसाकु माझ्याजवळ उभा राहून ओळी वाचायचा आणि मुलांना समजावून सांगायचा, "पूर्वजांनी सांगून ठेवलंय, पाणी या दगडाच्या पायाशी थांबतं. आता बघा बरं, तुमचं घर दगडाच्या वर आहे की खाली?" मुले ओरडायची, "वर!" टाळ्या व्हायच्या. पहिली काही वर्षे हे विचारताना त्याचा आवाज बसत असे. पुढे बसेनासा झाला. मला वाटते, सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते पटले.

हारुए सुरुवातीला एक करायची. शाई उरली की वाटी उचलून मुलांना घेऊन चढणीवर जायची आणि वळणावरच्या भिंतीवर कुंचल्याने आडवी रेघ ओढायची. "दगड इथला आहे बरं का. पाणी इथे आलं होतं." समितीच्या बायकांनी तिला दोनदा हसत हसत सांगितले, तिसऱ्यांदा न हसता सांगितले. मग सासूही म्हणाली, "रोज ज्यांच्या दारात जायचं त्यांनाच भीती घालत फिरतेस. तुला काय मिळतं गं त्यात?" पुढच्या ऑगस्टमध्ये हारुए उरलेली शाई नळाखाली ओतून घरी गेली. मला खोटे बोलायला लावणाऱ्यांत मी तिलाही मोजले आहे.

पन्नास वर्षे गेली. एइसाकुची पाठ वाकली, हातात काठी आली, बायको गेली, मुलगा गेला. तो नात कायोच्या घरी राहत होता, बागेला लागून पहिल्याच गल्लीत. कायो लहानपणी सगळ्यांत मोठ्याने "वर!" ओरडायची. आता तिला सहा वर्षांची मुलगी होती, रिन्का.

त्या जुलैत पाच दिवस पाऊस थांबला नाही. सहाव्या दिवशी सकाळी रिन्का वरच्या शाळेत गेली, कायोचा नवरा दुसऱ्या शहरात कामाला होता. दहाच्या सुमाराला कर्णे बोलू लागले, घरे सोडा, उंच जागी जा. गल्लीत फार कोणी हलले नाही. बायका छत्र्या घेऊन माझ्याकडे बघून जात होत्या. माझ्या पायऱ्या कोरड्या नव्हत्या, पण ते पावसाचे पाणी होते.

एइसाकु मात्र बाहेर आला. अनवाणी, डोक्यावर काही नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने प्रथमच वर, वळणाकडे पाहिले. मग तो गल्लीत फिरून ओरडू लागला. "वर चला! हा दगड इथला नाही! मी आणला त्याला इथे! वर चला सगळे!"

कोणीतरी खिडकीतून म्हणाले, "बिचारे आजोबा. कायोला हाक मारा रे."

कायो धावत आली. "आजोबा, भिजताय किती! आत चला बघू."

"कायो, ऐक माझं. हा दगड तिकडे वर होता. वळणावर. तो म्हणतो ते तिथलं आहे."

"माहीत आहे हो, पूर्वी वर होता. अक्षरं तर तीच आहेत ना?"

माझ्या छातीवर पावसाचे पाणी वाहत होते आणि मित्रांनो, मला ओरडता आले नाही.

तेवढ्यात हारुएची टोफूची गाडी चढणीवरून खाली आली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई स्वतः गाडी चालवत आली होती. "बसा दोघं! ओढ्याचं पाणी नदीत जात नाहीये, मागे फिरलंय. रस्ता जाईल आता!"

"हारुएसान, तुम्ही आजोबांना न्या," कायो म्हणाली. "मी घरातलं सामान वरच्या मजल्यावर नेते. दगड दिसतोय ना मला खिडकीतून. पाणी त्याच्या पायाला लागलं की लगेच निघते."

"अगं नको बघूस त्याच्याकडे!" एइसाकु किंचाळला. त्याने तिची बाही धरली. तिने ती हळूच सोडवली, त्याला गाडीत बसवले, दार लावले. "तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला," ती म्हणाली. ती चिडली नव्हती. लहान मुलाची समजूत घालावी तसे म्हणाली.

पाणी नदीकडून आलेच नाही. पाठीमागून, ओढ्याच्या बाजूने आले. चढणीचा रस्ता ओढ्याच्या पुलापाशी आधी बुडाला आणि मग बागेत पाणी शिरले. माझ्या पायाला ते लागले तेव्हा वर जायला वाट उरली नव्हती. कायो खिडकीत उभी होती. ती खाली आली, दारापर्यंत आली, रस्ता पाहून परत वर गेली. त्यानंतर पाणी माझ्या पहिल्या ओळीवर चढले, मग दुसरीवर, मग तिसरीवर. मला पुढचे दिसले नाही. माझ्या डोक्यावर दोन पुरुष पाणी होते.

होशिमिदाईत नऊ माणसे गेली. कायो त्यांतली एक. तिघांची घरे बागेसमोर होती, खिडक्या माझ्याकडे उघडणारी.

पाणी उतरल्यावर चिखलाची रेघ वर वळणापर्यंत गेलेली दिसली. माझ्या जुन्या जागेच्या वीतभर खाली ती थांबली होती. शिनपाचिचे बोलणे खरे निघाले आणि ते सांगायला मी तिथे नव्हतो.

लोकांनी मला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढले. सभा झाली. मला परत वर न्यावे असे हारुए म्हणाली. पण वळणावर आता रुंद रस्ता आहे, बसथांबा आहे, थंड पेयांचे यंत्र आहे. रस्तेवाल्यांनी जागा नाही असे कळवले. एकजण म्हणाला, "पन्नास वर्षं तो इथेच आहे. लोकांना त्याची इथे सवय झालीय." आणि ऑगस्टमध्ये, मित्रांनो, त्यांनी पुन्हा माझ्या अक्षरांत शाई भरली. नऊ जणांच्या आठवणीत डोळे पुसत, अगदी मनापासून भरली. रिन्काचे अक्षर वर्गात सगळ्यांत चांगले आहे म्हणून कुंचला तिच्या हातात दिला. ती जीभ बाहेर काढून लिहीत होती. मी आजही तिच्या शाईने तेच खोटे बोलतो आहे.

एइसाकु त्या दिवशी बागेत आला नाही. मी समोर पाहिले. वळणावर, बसथांब्याशेजारी, घडीच्या स्टुलावर तो बसला होता. त्याचा डावा पाय बरोबर तिथे होता जिथे शिनपाचिने खुंटी ठोकली होती. तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "पाणी माझ्या पायापर्यंत आलं होतं. माझ्या खाली घर बांधू नका." बसमधली मुले हसतात. नवी भाडेकरू माणसे नम्रपणे मान लववून पुढे जातात. हारुए दुपारी गरम सूप घेऊन येते आणि म्हणते, "कुरामोचीसान, पुरे झालं आता. घरी चला." तो म्हणतो, "सूनबाई, मला हलवू नका."

मी त्याला माफ केलेले नाही. करणारही नाही. पण रोज मी त्याच्याकडे बघतो, आणि इतक्या वर्षांनी माझ्या जागेवर खरे बोलणारे कोणी तरी आहे एवढे मला दिसते.

मित्रांनो, तुमच्या गावातही असा एखादा दगड असेल, खांब असेल, भिंतीवरची रेघ असेल. तिला हार घालू नका, रंगही देऊ नका. फक्त ती जिथे आहे तिथेच राहू द्या. आणि कधी आमच्याकडे आलात तर आधी वळणावर जा. त्या म्हाताऱ्याचा डावा पाय कुठे आहे ते नीट बघा आणि तिथे खडूने, खिळ्याने, कशानेही खूण करून ठेवा. उशीर करू नका. तो दगड नाही, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस आहे. पाऊस सुरू झाला की लोक त्याला उचलून घरी नेतात.